‘मग काय, गाडी विकायची का?’ : पुण्यातल्या गाड्या, बस आणि हवामान यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एकट्या पार्किंगवर पावणेदोन तास गेले. पाण्याच्या टाकीला वीस मिनिटं, लिफ्टच्या कराराला दहा. चव्वेचाळीस फ्लॅट, एकोणतीस जागा आणि एकावन्न चारचाकी, हे गणित काही केल्या सुटेना. शेवटी मी म्हणून गेले, "नवीन जागा शोधण्यापेक्षा गाड्या कमी लागतील असं काही बघू या का?" सभा तिथंच संपली, पण प्रश्न संपले नाहीत. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, हळदीकुंकवाला, सगळीकडे तेच. शेजारच्या दोन सोसायट्यांतल्या पाच-सहा जणांनाही असेच प्रश्न येत होते, म्हणून आम्ही उत्तरं लिहूनच काढली. मी वाहतुकीची तज्ज्ञ नाही. बँकेत नोकरी करते आणि कर्वेनगर ते शिवाजीनगर रोज जा-ये करते. आकडेमोड मात्र सवयीची आहे, त्यामुळे खाली ती जरा जास्त सापडेल.

तुम्ही गाडीच्या विरोधात आहात का?

नाही. आमच्याकडेही एक आहे. आजेसासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असलं की तीच लागते. आमचं म्हणणं एवढंच, की कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही गाडीच लागावी अशी शहराची रचना होत चालली आहे आणि ती आपोआप झालेली नाही. कुठे फुटपाथ काढायचा, कुठे पूल बांधायचा, कुठे फुकट पार्किंग ठेवायचं हे माणसांनीच ठरवलं. तेव्हा वेगळं ठरवणंही माणसांच्याच हातात आहे.

पुण्यातल्या गाड्यांचा आणि हवामानबदलाचा संबंध काय? कोळसा जाळणारे वेगळेच आहेत.

कोळशाचा वाटा सर्वात मोठा, हे खरं. पण देशात ऊर्जेसाठी इंधन जाळून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला साधारण आठवा हिस्सा वाहतुकीचा आहे आणि त्यातला जवळजवळ नव्वद टक्के रस्त्यावरच्या वाहनांचा. हा हिस्सा वाढतो आहे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचं भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केलं. त्याच सुमारास महाराष्ट्रातली ४३ शहरं शून्याकडे जाण्याच्या जागतिक मोहिमेत सामील झाली, पुणेही त्यात आलं. जाहीर करायला ग्लासगो ठीक आहे. अंमलबजावणी मात्र नळ स्टॉपच्या सिग्नलला आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या टेबलावर व्हायची आहे.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी म्हणजे किलोमीटरमागे दीडशे ग्रॅम. कर्वेनगर ते शिवाजीनगर जाऊन-येऊन चौदा किलोमीटर धरले, तर एका माणसाचे रोजचे दोन किलोच्या वर.

आणि परिणाम आपल्या दारात आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, हे सहकारनगर-अरण्येश्वरकडचं कुणी विसरलेलं नाही. एखाद्या पावसाचं खापर थेट हवामानबदलावर फोडता येत नाही, ओढ्यावरच्या बांधकामांचा दोष तर होताच. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते पडायचं तेव्हा एकदम पडतं. वर, ज्या डांबराने आणि काँक्रीटने आपण गाड्यांसाठी जमीन झाकतो, त्यातून पाणी मुरत नाही.

मी एकट्याने बसने जाऊन काय फरक पडणार?

फारसा नाही. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. एकाने गाडी घरी ठेवली तर रस्त्यावर तेवढीच जागा होते आणि ती दुसरी गाडी भरून काढते. म्हणून ही यादी संकल्पांची नाही. बसची फेरी किती मिनिटांनी, पार्किंगला दर किती, फुटपाथ सलग की तुटक, या गोष्टी बदलल्या की लाखो माणसं काही न ठरवता वेगळं वागतात.

इलेक्ट्रिक गाडी घेतली की प्रश्न मिटला ना?

हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा गाडी बुक केलेली असते, म्हणून जपून उत्तर देते.

इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलपेक्षा चांगली, यात वाद नाही. पण आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. एक युनिट वीज म्हणजे सरासरी सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सात-एक किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरमागे शंभर ग्रॅम. पेट्रोलच्या दीडशेवरून शंभरावर आलो. वीज जसजशी सौर आणि पवनऊर्जेतून येईल तसा हा आकडा उतरेल.

आता बसचा हिशेब. मोठ्या इलेक्ट्रिक बसला किलोमीटरला सव्वा युनिट लागतं असं धरा. म्हणजे नऊशे ग्रॅमच्या आत-बाहेर. बसमध्ये चाळीस माणसं असली, तर माणशी बावीस ग्रॅम. आजच्या आज, याच कोळशाच्या विजेवर. एकट्याने इलेक्ट्रिक गाडीतून जाण्यापेक्षा भरलेली बस साडेचारपट हलकी पडते. २०१९ च्या फेब्रुवारीत पीएमपीएमएलच्या, म्हणजे आपल्या शहर बससेवेच्या, ताफ्यात पहिल्या इलेक्ट्रिक बस आल्या, तेव्हा पेपरात फोटो बसच्या रंगाचे छापून आले. हा माणशी बावीस ग्रॅमचा आकडा छापायला हवा होता.

शिवाय इलेक्ट्रिक गाडीलाही तेवढीच जागा लागते. तिचेही टायर झिजतात, ब्रेकची भुकटी उडते, आणि बॅटरीच्या वजनाने ती जडच असते. पुणं राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेचा दर्जा न गाठलेल्या शहरांच्या यादीत आहे. ती धूळ धुराड्याच्या धुराइतकीच आपल्या फुप्फुसात जाते. आणि संध्याकाळी सहाला कर्वे रोडवर अडकलेल्या रांगेत हिरव्या नंबरप्लेटची गाडीही पांढऱ्या प्लेटच्या मागेच उभी असते.

२०२५ च्या राज्याच्या धोरणाने इलेक्ट्रिक गाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी दिली. चांगलं आहे. त्याच तोडीची सवलत बसच्या प्रवाशाला काय मिळाली, हे मी शोधते आहे.

रस्ते रुंद करा, पूल बांधा. कोंडीच राहणार नाही.

विद्यापीठ चौकातला पूल आठवतो? २००६ च्या सुमारास बांधला, २०२० मध्ये लॉकडाऊनच्या शांततेत पाडला. मेट्रोच्या मार्गिकेला आणि नव्या दुमजली पुलाला तो आडवा येत होता. पण पाडायच्या आधीही तिथली कोंडी गेली नव्हती. पूल उतरला की गाड्या पुढच्या सिग्नलला तुंबत, एवढाच फरक. चौदा वर्षांत कोट्यवधींचं काँक्रीट उभं राहिलं आणि डंपरमध्ये भरून गेलं.

यामागे कारण आहे. रस्ता मोकळा झाला की जो माणूस एरवी सकाळी सातला निघायचा तो साडेनऊला निघतो, जो बसने जायचा तो गाडी काढतो, आणि जो बाणेरमध्ये घर शोधत होता तो आणखी लांब, स्वस्तात, घेतो. गाड्या वाढतात आणि रस्ता पुन्हा भरतो. जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं, की महामार्गाची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, गाड्यांचा प्रवासही जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडे ते समजायला शोधनिबंध लागत नाही, पाच वर्षं एकाच चौकातून जायचं.

काही ठिकाणी पूल लागतात, मान्य. चांदणी चौकाचं काम करावंच लागणार होतं, ऑक्टोबर २०२२ मध्ये जुना पूल स्फोटाने पाडला तेव्हा आमच्या गच्चीवरही गर्दी होती. पण प्रत्येक कोंडीवर पूल हाच उतारा, असं ठरलं की मग टेकडीही आडवी येते. बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून न्यायचा म्हणताच एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. मी होते. परतताना मात्र आमच्यातले निम्मे पार्क केलेली गाडी शोधत होते, हेही सांगितलं पाहिजे.

आधी पीएमटी सुधारा, मग आम्हाला सांगा.

एकदम कबूल. (आता नाव पीएमपीएमएल आहे. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक झाल्या. पण थांब्यावर कुणी "पीएमपीएमएल आली" असं ओरडलेलं मी तरी ऐकलं नाही.)

चांगल्या सेवेसाठी लाख लोकसंख्येमागे साठ बस हव्यात, असा केंद्राच्या नगरविकास खात्याचा निकष आहे. २०११ च्या जनगणनेतच पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास होतो. त्या जुन्या आकड्यालासुद्धा २,९०० बस लागतात. ताफा दोन हजारांच्या आत-बाहेर फिरतो, आणि त्यातल्या सगळ्या रोज रस्त्यावर नसतात. मधल्या काळात गावं शहरात आली, वस्ती कुठल्या कुठे गेली. तरीही रोज दहा लाखांच्या आसपास लोक बसने जातात. एवढं ओझं हे शहर बसवर टाकतं आणि पैसा पुलांवर.

जून २०२५ पासून भाडं वाढलं. किमान तिकीट पाचाचं दहा झालं, दिवसाचा पास चाळीसचा सत्तर आणि महिन्याचा नऊशेचा पंधराशे. अकरा वर्षं भाडं वाढलं नव्हतं, त्यामुळे कधीतरी होणारच होतं. माझी तक्रार वेगळी आहे. बसची संचलन तूट, म्हणजे तिकिटांतून न भागणारा खर्च, दोन्ही महापालिका साठ-चाळीसच्या प्रमाणात भरतात आणि दरवर्षी त्यावर कपाळाला आठ्या पडतात. उड्डाणपुलाची ‘तूट’ कधी कुणी काढली आहे का? त्याला तर एक रुपयाचं तिकीट नाही.

आता एक प्रसंग. कर्वे रोडवरच्या एका थांब्यावर रोज संध्याकाळी एक पांढरी गाडी उभी असते. मालक आत दुकानात, पार्किंगचे दिवे लुकलुक करत, म्हणजे जणू परवानगीच. बस आली की तिला कडेला येता येत नाही, ती रस्त्याच्या मध्यात थांबते. मग बायाबापड्या फुटपाथवरून उतरून, त्या गाडीला वळसा घालून, मागून येणाऱ्या दुचाक्या चुकवत पायरी गाठतात. बसची पायरी फुटपाथच्या उंचीची असते ती कडेला लागण्यासाठी. मध्यात थांबली की तीच पायरी गुडघ्याएवढी होते. एक आजी परवा दोनदा प्रयत्न करून मागे फिरल्या आणि रिक्षाला हात केला. बस वेळेवर होती, रिकामी होती. आजींची बस चुकवली ती त्या गाडीने.

म्हणून "आधी बस, मग पार्किंग" असा क्रम लावता येत नाही. गाड्या हलल्याशिवाय बस सुधारत नाही. एका गाडीने थांबा अडवला की पूर्ण फेरी मागे पडते, पुढची बस तिला गाठते आणि मग वीस मिनिटं काही नाही, नंतर तीन एकदम. आपण म्हणतो, बघा, पीएमटी!

‘आपली पीएमपीएमएल’ हे ॲप ऑगस्ट २०२४ मध्ये आलं, त्यात बस कुठवर आली ते दिसतं. वापरून बघा. थांब्यावर ताटकळण्याची निम्मी कटकट बस येणार की नाही हे माहीत नसण्याची असते.

पण बीआरटी तर सपशेल फसली!

आपण ती अर्धवट केली. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. बसला मधली लेन दिली, पण त्या लेनपर्यंत सुखरूप चालत जायची सोय नाही, लेनमध्ये दुचाक्या, आणि सलग मार्गही नाही. थोडं अंतर राखीव आणि मग पुन्हा सगळ्यांच्या गर्दीत. जवळजवळ तीन वर्षांनी, २००९ मध्ये, अहमदाबादने तीच कल्पना बंदिस्त स्थानकं आणि सलग मार्गिका घेऊन राबवली, तर ती बघायला लोक आले. २०१५ नंतरची आपलीही रेनबो बीआरटी बरी होती, पिंपरी-चिंचवडमध्ये तर बरीच बरी. नगर रोडवर मात्र मार्ग उखडला. साधारण साडेतीन मीटरच्या एका लेनमधून गाड्यांनी तासाला हजारभर माणसं जातात, तीच लेन फक्त बसला दिली तर चार हजारांच्या वर. डोळ्यांना मात्र बसची लेन रिकामी दिसते. गाडीत बसून सिग्नलला थांबलेल्या माणसाला ती रिकामी लेन सलते आणि निवडणुकीत त्याचं ऐकलं जातं.

मेट्रो आली की. आता अजून काय हवं?

मेट्रो उत्तम आहे, मी रोज जाते. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी अशी सुरुवात झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारातून पोचली. एकूण तेहतीस-एक किलोमीटर. जास्तीत जास्त भाडं ३५ रुपये. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या विस्ताराला जून २०२५ मध्ये केंद्राने मंजुरी दिली.

अडचण स्थानकाच्या बाहेर आहे. जिन्यावरून खाली उतरलं की फुटपाथ संपतो. मी कर्वेनगरमधून नळ स्टॉपला कशी पोचते? शेअर रिक्षा मिळाली तर ती, नाही तर चालत. पावसाळ्यात चालणं म्हणजे निखळलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय पडून पिचकारी उडवून घेणं. दर पाच-सात मिनिटांनी वस्तीतून स्थानकापर्यंत फिरणारी छोटी बस हवी. त्याऐवजी प्रत्येक स्थानकापाशी पार्किंग मागितलं जातं. म्हणजे मेट्रोला जायला पुन्हा गाडी, आणि ती ठेवायला पुन्हा जागा. शंभर गाड्यांची जागा म्हणजे शंभर-सव्वाशे प्रवासी. तेवढे दोन बसमध्ये येतात.

पार्किंगला पैसे का द्यायचे? रोड टॅक्स भरतो आम्ही!

सभेत सर्वात जास्त आवाज चढला तो यावर, म्हणून सविस्तर.

गाडी घेताना भरलेला वाहनकर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. तुमच्या गल्लीचा रस्ता महापालिका करते, मुख्यतः मिळकतकर आणि राज्याकडून येणाऱ्या अनुदानातून. मिळकतकर गाडी नसलेलाही भरतो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई कर्वेनगरच्या वस्तीतून चालत येतात. अप्रत्यक्षपणे त्याही तुमच्या पार्किंगचे पैसे भरतात, आणि त्या बदल्यात रस्त्याच्या मधून चालतात, कारण कडेला तुमची गाडी आहे. आमचीसुद्धा, कधी कधी.

बांधकाम नियमावलीत एका चारचाकीच्या पार्किंगचं माप अडीच मीटर गुणिले पाच मीटर आहे. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे एकशे पस्तीस चौरस फूट. आमचं स्वयंपाकघर त्याहून लहान आहे. आपल्या भागात त्या एकशे पस्तीस फुटांचं महिन्याचं भाडं काय होईल ते मनातल्या मनात काढा आणि मग रस्त्यावर ते फुकट का मिळतं याचं उत्तर मला कळवा.

२०१८ मध्ये महापालिकेच्या सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. आधी शहरभर, मग विरोध झाल्यावर पाचच रस्त्यांवर प्रायोगिक. सगळ्याच पक्षांना पुणेकरांच्या खिशाची कणव आली आणि ते पाच रस्तेही राहून गेले. पी-वन, पी-टू, सम तारीख, विषम तारीख एवढंच आपल्या वाट्याला आलं. माझ्या मते, पुण्याच्या हवामान धोरणातला सर्वात मोठा निर्णय तो होता आणि तो आपण कागदावर घेऊन कागदावरच सोडला. पार्किंगला दर लावला आणि तो पैसा त्याच रस्त्यावरच्या फुटपाथला आणि बसला दिला, तर लोक कुरकुरत का होईना मान्य करतील. पैसा कुठं जातो ते दिसलं पाहिजे.

गाडीच स्वस्त पडते हो. चौघं असलो की रिक्षापेक्षा परवडते.

चौघं असाल तर खरं आहे. पण रोज चौघं असता का?

समजा आठ लाखांची गाडी घेतली, दहा वर्षं वापरली आणि दोन लाखांना विकली. वर्षाला साठ हजार झिजले. विमा आणि सर्व्हिसिंग मिळून पस्तीस हजार. धुणाऱ्याला महिना पाचशे, म्हणजे सहा हजार. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवली, तर वर्षाला चारशे लिटर पेट्रोल, साधारण बेचाळीस हजार. बेरीज एक लाख त्रेचाळीस हजार. भागिले सहा हजार किलोमीटर. किलोमीटरला जवळजवळ चोवीस रुपये. यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही, मी बँकेत असूनसुद्धा.

रिक्षाचा मीटर? सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला पंचवीस आणि पुढे किलोमीटरला सतरा.

हे सांगितल्यावर समोरचे जोशीकाका म्हणाले, "पण रिक्षावाला मीटरने येतो कुठं?" त्यावर आमच्याकडे उत्तर नाही.

खरं तर पुणं दुचाकीचं शहर. तुम्ही चारचाकीच्याच मागे का?

रास्त मुद्दा. हिशेबात दुचाकी चारचाकीपेक्षा कितीतरी हलकी. पेट्रोलची स्कूटर किलोमीटरला पन्नास ग्रॅम, इलेक्ट्रिक स्कूटर वीस-बावीस. म्हणजे भरलेल्या इलेक्ट्रिक बसच्या जवळपास. नुसतं कार्बनचं वजन करायचं तर मुलीची ई-स्कूटर बसशी बरोबरी करते, हे कबूल केलं पाहिजे. पण ती पाऊस, खड्डा आणि सिमेंटचा मिक्सर यांच्याशी बरोबरी करत नाही. रस्त्यावरच्या अपघातांत सर्वात जास्त मरतात ते दुचाकीवरचे. आणि घराघरांत पुढे काय होतं ते माहीत आहे. लेकरू झालं, दोघांना स्कूटरवर भीती वाटायला लागली, की थेट चारचाकी. मध्ये बसचा विचारही येत नाही. त्या वळणावर चांगली बस मिळाली तर पुष्कळ घरांत गाडी येणारच नाही. आमचा भर तिथे आहे.

सायकल?

एकेकाळी हे सायकलींचं शहर होतं, हे सांगणाऱ्या प्रत्येकाकडे आता गाडी आहे. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, सव्वाआठशे किलोमीटर मार्गांचा. त्याच डिसेंबरात भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, दोनेक वर्षांत गेल्याही. मार्ग जिथे झाले तिथे आज भेळेच्या गाड्या आणि उभ्या दुचाक्या आहेत. दोन-तीन किलोमीटरसाठी सायकल फार छान. पण मी माझ्या मुलाला कर्वे रोडवर सायकल चालवू देत नाही, त्यामुळे तुम्हालाही सांगणार नाही.

आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत. गाडीशिवाय कसं जमेल?

दवाखान्याला गाडी किंवा रिक्षा लागणारच, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. पण म्हातारी माणसं रोज जातात कुठे? देवळात, कट्ट्यावर, वाण्याकडे. माझ्या सासूबाईंनी दोन वर्षांपूर्वी समोरच्या गणपतीला जायचं बंद केलं. देऊळ तीनशे पावलांवर आहे. गुडघ्यांपेक्षा त्यांना भीती रस्ता ओलांडायची वाटते. सिग्नल त्यांना अर्ध्यात गाठतो आणि मधल्या दुभाजकावर उभं राहायला वीतभर जागा. आता अधूनमधून एखाद्या मंगळवारी त्यांचा मुलगा त्यांना गाडीने नेतो. तीनशे पावलांना गाडी! मग ती लावायला जागा नसते म्हणून तो दोन चकरा मारतो.

पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं, असं करणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या शहरांपैकी ते एक. जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद फुटपाथ त्याच विचारातला. ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिनही होतो. त्या दिवशी गाड्या बंद असतात, लोक रस्त्याच्या मधोमध रांगोळ्या काढतात, आणि नागरकर तालमीपासून गरुड गणपतीपर्यंत सासूबाई एकट्या चालल्या. बारा डिसेंबरला पुन्हा जैसे थे.

बायकांना रात्री बस सुरक्षित वाटत नाही.

बसमध्ये चाळीस माणसं असतात. भीती असते ती थांब्यापासून घरापर्यंतच्या अंधाराची आणि बस न आल्यास काय याची. मार्च २०१८ मध्ये महिलांसाठी तेजस्विनी बस सुरू झाल्या, दर महिन्याच्या आठ तारखेला त्यातून मोफत प्रवास. त्यापेक्षा रात्री दहानंतर ठरलेल्या मिनिटाला येणारी साधी बस आणि थांब्यावर चालू दिवा मला जास्त हवा आहे. दुसरं असं, की बाईचा प्रवास सरळ नसतो. पाळणाघर, मग ऑफिस, परतताना किराणा, मग आईकडे डबा. दर टप्प्याला नवं तिकीट आणि नवी वाट पाहणी असेल, तर ती स्कूटरच घेणार. दिवसाचा पास स्वस्त ठेवण्याचं कारण तेच आहे. सत्तर रुपये मला तरी जास्त वाटतात.

लंडनसारखा शहरात शिरण्याचा कर लावाल का?

इतक्यात नको. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने प्रयोग केला, शहरात शिरणारी वाहतूक पाचव्या हिश्शाने घटली आणि आधी विरोधात असलेल्या लोकांनी नंतर मतदानात कौल दिला. पण त्यांनी प्रयोगाआधी बस वाढवल्या होत्या. आपण पाच रस्त्यांवर पार्किंगचा दर लावू शकलो नाही. तो जमला की बघू.

मग सोसायटी म्हणून आत्ता करायचं काय?

आम्ही केलं ते सांगते. पहिलं, दुसऱ्या गाडीच्या पार्किंगला सोसायटीत वेगळा आणि चढा दर लावला. पहिलीला जुनाच. भांडण झालं, पण सहा महिन्यांत दोन धूळ खात पडलेल्या गाड्या विकल्या गेल्या. दुसरं, शाळेच्या व्हॅनसाठी गेटपाशी सकाळी पंधरा मिनिटं जागा मोकळी ठेवली. आधी प्रत्येक पोराला स्वतंत्र गाडी सोडायला जायची.

तिसरं, महापालिकेच्या नागरिकांच्या अंदाजपत्रकात अर्ज भरला. २००६ पासून ही सोय आहे, फारच कमी लोक वापरतात. आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवायचं, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. बहुतेक लोक बाकडी आणि नामफलक मागतात. आम्ही थांब्यापासून कोपऱ्यापर्यंतचा फुटपाथ सलग करा, असं लिहिलं. जागेचा नकाशा जोडला, पट्टीने मापं काढली, उखडलेल्या फरशा मोजून आकडा दिला. टेबलावरच्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मॅडम, एवढंच? पार्किंग नको का तुम्हाला?"

आणि तुमची स्वतःची गाडी?

आहे अजून. गेल्या महिन्यात सासूबाईंना न्यायला खाली गेलो तर बॅटरी उतरलेली, पाच आठवडे सुरूच केली नव्हती. जोशीकाकांनी जंपर केबल दिली.